विसाशेजारी एकवीस

देवरावकाकांना वीस आणि एकवीस हे दोन आकडे एकमेकांपासून लांब बसलेले चालत नाहीत. बाकीच्या आकड्यांनी काय वाटेल ते करावं, त्यांची हरकत नसते. एकदा दवाखान्यात त्यांनी एकवीस नंबरच्या माणसाला बाहेरच्या चहाटपरीवरून हाताला धरून आणलं आणि वीस नंबरच्या बाईंशेजारी बसवलं. बाईंना खोकला होता. एकवीस नंबर नुसता बीपी दाखवायला आला होता, तो जाताना खोकत गेला.

हुडकेश्वरला माझा संगणकाचा क्लास आहे. गांधीबागेतलं कापडाचं दुकान बंद केल्यावर काका तिथं शिकायला येऊन बसले. कॉलेजची पोरं नोकरीसाठी शिकतात. काकांना कारण विचारलं की, रिकामं बसून का करू, एवढंच.

सुरुवातीला सगळ्यांना मी एक सोपा धडा देते. पाच ओळी, पाच रकाने, त्यात एक ते पंचवीस आकडे पडद्यावर छापणारा प्रोग्रॅम लिहा. पोरं छापतात आणि पुढं सरकतात. काकांनी रकाने वीस केले. मग एकवीस दुसऱ्या ओळीत पार डावीकडे, एकच्या खाली जाऊन बसला. ते पाहून काकांनी चष्मा काढला.

"एकविसाले इतक्या दूर काहून धाडून राहिले, मॅडम?"

ओळ संपली की पुढची डावीकडूनच सुरू होणार, असं मी समजावलं. त्यांना ते पटेना. कापडाची घडी घालताना हात उजवीकडे गेला की तिथूनच परत फिरतो, कापड फाडून कोणी पुन्हा डावीकडून सुरू करतं का, असा त्यांचा सवाल. एवढ्यावर थांबतील तर ते देवरावकाका कसले. दुसऱ्या दिवशी मांजरपाटाचा तागा घेऊन आले. त्या दिवशी माझा अख्खा वर्ग घडी घालायला शिकला.

एक ओळ सुलटी, दुसरी उलटी छापायला खरं तर एक छोटीशी अट पुरते. मी करून देते म्हटलं तर काका ऐकेनात. त्यांचं कधी सगळंच उलटं छापलं जाई. एकदा पडदाभर एकवीसच एकवीस आले, आणि काका त्याच्यावरही खूश दिसले. पोरं वेबसाइट बनवायला लागली तरी काका दुसऱ्याच ओळीत. अलीकडे मात्र ते क्लासचं शटर उघडायच्या आधी येऊन उभे राहायचे.

परवा दुपारी जमलं. विसाच्या बरोबर खाली एकवीस. काका हसले नाहीत. लॅपटॉप घ्या अन् चला, म्हणाले.

धाकट्या भावाकडे, गुलाबरावांकडे जायचं होतं. रिक्षात काकांनी सांगितलं. गांधीबागेत दोघं एकाच घरात राहायचे. जागा अपुरी पडायला लागली तेव्हा या ले-आउटमध्ये दोघांनी प्लॉट घेतले. नकाशा न पाहता, दुकानात बसूनच. वीस आणि एकवीस, म्हणजे लागूनच असणार. नकाशावाल्यानं माझ्या क्लासातल्या पोरांसारखीच प्रत्येक ओळ डावीकडून सुरू केली होती. वीस नंबर या रस्त्याच्या एका टोकाला, एकवीस मागच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. गुडघे धड होते तोवर रोज येणंजाणं होतं. आता दोघांचेही गेले; काकांना घराजवळचा माझा क्लासच काय तो झेपायचा. आणि रविवारी गुलाबराव पुण्याला मुलाकडे चालले होते, कायमचे.

घरात खोकी बांधून ठेवलेली होती. काकांनी लॅपटॉप भावासमोर ठेवला आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"पाह्य गा गुलाब. हा मी. हा तू."

गुलाबरावांनी लॅपटॉप जवळ ओढला.

"मधात एकच भित येते, दादा."

"हो ना. आवाज देला की तू चहाले आला असता."

मला फार वाईट वाटलं. आणि इतकी वर्षं पोरांना प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करायला लावते, याचाही उगाच राग आला.

"अजून एकडाव दाखव," गुलाबराव म्हणाले. काका त्यांच्याजवळ खाटेवर सरकून बसले आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं. लॅपटॉप राहू दे, रविवारनंतर नेईन, असं सांगून मी चपला घातल्या.