विचारून रक्त पिणारा

सरूआत्या आमच्या घरी, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा, कुणी 'ये' म्हणेपर्यंत दारातच उभी राहायची. आई चुलीशी गुंतलेली असली, तर बिचारी ताटकळायची. ही रीत ती एका रक्तपिशाच्चाकडून शिकली होती.

त्र्याहत्तर साली मी वाशीमला मॅट्रिकला होते. तिथल्या वाचनालयातून भाड्यानं आणलेली एक भयकथा मी सुटीत आमच्या गावी, रिठदला, तिला वाचून दाखवायची. आत्या नवऱ्याचं घर सोडून आलेली. आमच्या शेजारी एका खोलीत एकटी राहायची. ती सुपात तूर पाखडायची, मी वाचायची. कथेतला देखणा तरुण माणसांचं रक्त प्यायचा. पण आतून बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नसे.

आत्यानं सूप खाली ठेवलं. "अन् कोनी बलावलंच नाई तं?"

"मग बाहेरच उभा राहतो."

"असा मानूस रिठदात एक तरी हाय काय?"

"आत्या, तो रक्त पितो."

"पिते ना. पन इचारून पिते."

त्या दिवसापासून तो 'आपला पोरगा' झाला. पुढे एका प्रकरणात त्यानं रागाच्या भरात नायिकेचा दंड धरून तिला फरफटत नेलं. "बंद कर ते पुस्तक," आत्या म्हणाली. "ताकद हाय म्हून दाखवलीच पायजे काय?" मग तिनं त्याचं नावच टाकलं. एका दुपारी मात्र तूर निवडता निवडता हळूच म्हणाली, "सोडला काय त्यानं तिचा हात?"

काही वर्षांनी मला मंगरूळपीरचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून. आत्यानं घरात बजावून ठेवलं, "पोराले कोनी 'या' म्हनू नका. पाहू काय करते तं."

बाबा वैतागले. "बाई, जमलेलं लगन मोडशीन तू."

मुलाचे मामा सरळ आत येऊन बाजेवर बसले. मुलगा मात्र बाहेर उन्हात, मान खाली घालून उभा. बाबांची चुळबूळ चाललेली, आत्या त्यांना डोळ्यांनीच दटावत होती. शेवटी तीच उठली. "या बापू, आत या."

मग स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माह्याकून पसंत. तुले नसन तं नाई म्हन." तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी होकारार्थी मान हलवली. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "माह्या नवऱ्यानं कदी दार वाजवलं नाई, पोरी. लाथच मारे."

लग्नानंतर ह्यांनी मला सांगितलं, त्या दिवशी नवा बूट पायातून निघत नव्हता. आत्याला मी ते कधीच कळू दिलं नाही. ह्यांनाही आत्याची परीक्षा मी पुष्कळ उशिरा सांगितली. तेव्हा हे हसले नाहीत.

मागल्या महिन्यात आत्या गेली. तेरवीला आम्ही रिठदला गेलो. तिच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं. ह्यांच्या पायात साध्या चपला होत्या. त्या काढून हे चौकटीशी उभे राहिले.

मी म्हटलं, "चला."

"थांब जरा," हे म्हणाले.