बाळूची बसकी गाडी

आमच्या येरमाळ्यात गतिरोधक आला की बाळूच्या गाडीतल्या माणसांनी खाली उतरायचं असतं. रिकामी गाडी पार झाली की पळत जाऊन परत बसायचं. एकदा तर नवरदेवालाही त्यानं मुंडावळ्यांसकट उतरवलं.

बाळू माझा शेजारी. चाळिशी उलटली, लग्न नाही. आई गेल्यापासून घरात एकटाच. आई असतानाच त्यानं एक जुनी जपानी गाडी घेतली आणि मोबाइलवर तिकडच्या पोरांचे व्हिडिओ बघून तिच्या स्प्रिंगा कापल्या. गाडी खुडूक कोंबडीसारखी बसली. मागं पत्र्याचा पंख, त्याला लिंबू-मिरची. काचेवर जपानी अक्षरं, कळंबच्या पेंटरनं कुठल्याशा डब्यावरून उतरवलेली. अर्थ कुणालाच ठाऊक नाही. दसऱ्याला त्यांनाही हळदकुंकू लागतं. आवाज असा की म्हशी पान्हा चोरतात. आणि पुढच्या सीटवर कुणी बसायचं नाही. का? तर "शो जातो."

"जपानात असंच असतंय, काकू."

"तिथं रस्ते असतात, मुडद्या!"

मी तरी कुठली शहाणी? नवी नवरी असताना यांच्या लुनाच्या हँडलला मी रंगीत रिबिनी बांधल्या, वाऱ्यावर उडाव्यात म्हणून. चढ आला की लुना थांबायची आणि मी मागून ढकलायची. तोंडावर ऐट अशी, जणू विमान ढकलतेय!

यंदा माझा गुडघा गेला. दर मंगळवारी कळंबला दवाखान्यात शेक घ्यायचा. मुलाच्या जीपमध्ये पाय उचलेना. पोत्यासारखी वर चढवायला लागले, तशी मी बोंब ठोकली. ती ऐकून बाळूनं गाडी ओट्याला लावली, पुढचं दार उघडलं. पाटावर टेकावं तशी मी अलगद बसले.

गतिरोधक आला. मी दाराची कडी चाचपली.

"बसा तुमी." तोच उतरला. खिडकीतून स्टेअरिंग धरलं आणि मला आत ठेवून गाडी ढकलायला लागला.

"हे बी जपानात असतंय व्हय रे?"

"न्हाय," तो धापा टाकत म्हणाला. "आईला जीपमधी चढता येत नव्हतं. म्हनून स्प्रिंगा कापल्या. लोक हसायले, मग म्या जपानचं नाव सांगितलं. दोनदाच बसली ती. इथंच, पुढं."

गाडी भिकारच आहे. कंबर मोडते. गुडघा मात्र कधीच बरा झालाय. तरी मंगळवार उजाडला की मी पाय धरून ओट्यावर कण्हत बसते.

"लई दुखायलंय का, काकू?"

"मरायलेय. काढ तुझं जपान."