शहादेवचं शून्य

शहादेवचा प्रबंध एका शून्यावर उभा होता, आणि त्या शून्याचा त्याला भयंकर अभिमान होता!

विषय भारदस्त: प्रसारमाध्यमं, अस्मिता आणि अल्पसंख्य समाज. अभ्यासाला घेतली तलवाड्यातली स्वतःचीच बौद्ध वस्ती. नऊ वर्षांत पेपरांत वस्तीचे दुष्काळाचे फोटो आले एकेचाळीस, फोटोखाली बायांची नावं शून्य! दर वेळी आपलं 'पाण्यासाठी वणवण करणाऱ्या महिला'. "असं शून्य नशिबानं मिळतं!" असं खुद्द मार्गदर्शक सर म्हणाले होते. सोमवारी शेवटचं प्रकरण दिलं, की झालेच डॉक्टर शहादेव!

तो लिहायला बसतोय, तोच आई, मुक्ताबाई, ओरडली, "कागदं ठिव आन् रांगंत चल! सहकारी कारखान्याचा टँकर येतोय."

आठ दिवसांनी पाणी येत होतं. टँकरमागोमाग कारखान्याचे चेअरमन आबासाहेब, आणि त्यांच्यामागं वार्ताहर बंकट. बंकटनं रांगेतल्या नऊ बायांचा फोटो काढला मात्र, आईमागं रांगेत उभा असलेला शहादेव उसळला.

"ह्यांची नावं कावून लिहीत न्हाई बे तू?"

"कुनी सांगतच न्हाई! तू सांग, लिहितो की," बंकटनं वही काढली.

मुक्ताबाई दुसरी घागर आणायला घरी निघाली. "ही घागर फुडं सरकवत ऱ्हा रं!" तिनं बजावलं. पण शहादेव आता थांबतोय कुठला! आईपासून सारजाबाईपर्यंत नऊही नावं त्यानं आडनावांसकट लिहून दिली, वर अस्मितेवर व्याख्यान ठोकलं. रांग पुढं गेली, आईची घागर जागेवरच. टँकर संपला!

"भाषनानं घागर भरती का?" मुक्ताबाई कडाडली. सारजाबाईनं आपल्या घागरीतलं अर्धं पाणी ओतलं, तेव्हा कुठं घरात चूल पेटली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली नऊ नावं, एकही चूक नाही! मुक्ताबाई तो कागद घेऊन घरोघर फिरली, इतका आनंद तिला झाला होता. शहादेवला मात्र रडू यायचंच बाकी राहिलं. नऊ वर्षांचं शून्य त्यानं स्वतःच्या तोंडानं घालवलं होतं!

तेवढ्यात सरांचा फोन. "फोटो पाहिला मी! सगळ्यांचीच नावं? बिननावाचं एकही माणूस नाही?"

शहादेवनं परतलेल्या आईच्या हातून पेपर घेऊन फोटोखालची ओळ शेवटपर्यंत वाचली. नऊ नावांनंतर छापलं होतं, 'व एक बेरोजगार युवक'.

"आहे सर, एक आहे," तो पुटपुटला.

"तुजं नाव कावून न्हाई रं?" आईनं विचारलं.

"सांगायचं राहिलं."