दाढीवाले पक्षी

शोकेसच्या सरकत्या काचा घट्ट चिकटल्या, कारण बाबांनी सकाळीच तिच्या चौकटीला वॉर्निश फासलं होतं. आत सणाची सजावट, बाहेर अख्खं घर आणि मध्ये ती काच!

"बरंच झालं की," बाबा म्हणाले. "काचेआडून माझा डिंक दिसणार नाही."

म्हणजे झालं होतं असं, की ही सजावट दरवर्षी आई हातानं करायची. कागदी चांदण्या, लोकरीचे पक्षी, काड्यापेटीतल्या काड्यांचं घर. यंदा आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून सगळं बाबांनी केलं. पक्ष्यांना डिंकाच्या दाढ्या आल्या आणि एकाचे तर दोन्ही डोळे एकाच गालावर! आणि हे दूर राहणाऱ्या ताईला अजिबात कळायला नको होतं. तिची नवी नोकरी, सुट्टीतही ड्युटी. आईचा हात मोडलाय कळलं की ती नोकरीबिकरी टाकून पळत येणार, याची सगळ्यांना खात्री. पण सजावटीचा फोटो गेला नाही, तरी तिला संशय येणारच! म्हणून फोटो पाठवायचा आणि सगळं आईनंच केलंय असं भासवायचं.

धाकटीनं मोबाइल रोखला. पहिल्या फोटोत काड्यांच्या घरावर काचेत उमटलेली ट्यूबलाइट आडवी पडलेली. ट्यूब बंद करून फ्लॅश मारला, तर घरच गायब, नुसता पांढरा भडका. मग टेबललॅम्प आला. तो बुटका पडला म्हणून स्टुलावर डबा, डब्यावर लॅम्प.

"बाबा, तुम्ही आलात."

"मी इथंच तर आहे."

"फोटोत आलात! पक्ष्याच्या पोटात तुमचा बनियन दिसतोय."

बाबा मुकाट्यानं काळा रेनकोट चढवून आले. तेवढ्यात कसलासा वास सुटला. उजेड मऊ पडावा म्हणून बाबांनी लॅम्पवर टाकलेला रुमाल धुमसायला लागला होता.

"अहो, घर पेटवाल! काड्यांचं नव्हे, राहतं!"

शेवटी आईनंच तोड काढली. बाबांचा रेनकोट धाकटीनं घालायचा आणि तिच्या मागं काळी शाल पडद्यासारखी धरायची, म्हणजे काचेत काही उमटायलाच नको.

"मध्ये मोबाइलपुरतं भोक पाडू?" बाबांनी कात्री उचलली.

"मोबाइल शालीच्या पुढं आहे! ठेवा ती खाली."

आईनं शालीचं एक टोक डाव्या हातानं उंच धरलं, दुसरं छातीशी घेऊन त्यावर प्लास्टरचा हात दाबला. काच एकदम काळीभोर! क्लिक! दाढ्या जेमतेम दिसत होत्या. लगेच फोटो पाठवला.

ताईचं उत्तर आलं, "वा आई! अगदी नेहमीसारखं!"

बाबा खुर्चीत मावेनात.

जेवताना ताईचाही फोटो आला. हसरा चेहरा, मागं अंधारी खिडकी. खाली लिहिलेलं, "सुट्टीतली ड्युटी मैत्रिणीनं मागून घेतली. मी खोलीवर मस्त लोळतेय. काळजी नको."

आईनं डाव्या हातानं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.

"ही खोलीवर आहे ना?"

"हो की."

"मग हिच्या खोलीत कंडक्टर काय करतोय?"

खिडकीच्या काचेत सीटांची रांग आणि तिकिटं फाडणारा कंडक्टर! धाकटीच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. तिनं आपला फोटो उघडून मोठा केला. काळ्याभोर काचेत, दाढीवाल्या पक्ष्यांच्या बरोबर वर, पांढराशुभ्र प्लास्टरचा हात तरंगत होता.

"म्हणजे..." बाबांचा घास हातातच राहिला. "ते नेहमीसारखं नव्हतं?"

"तिला काही विचारायचं नाही हं," आई पदरानं डोळे टिपत म्हणाली. "पोरगी एवढी मनापासून थापा मारतेय. दारात आली की सगळ्यांनी दचकायचं."

बाबा मात्र स्क्रूड्रायव्हर घेऊन शोकेसची काच उचकटायला लागले.

"आता काय?"

"त्या पक्ष्याचा एक डोळा तरी पलीकडच्या गालावर लावतो, ती यायच्या आत."

"राहू दे तो तसाच," आई म्हणाली. "तुम्ही केलाय, हेही दिसू दे तिला."