नंतर आठवण करा

त्या दुपारी मी एक प्रमाणपत्र उघडायचं ठरवलं. एवढंच.

ईमेलमध्ये लिहिलं होतं, 'आपलं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे.' मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. मला आजवर कुणी प्रमाणपत्र दिलेलं नाही (लस टोचल्याचं सोडून). कसलं आहे ते विचारायचीही लाज वाटली.

आमच्या कॉम्प्युटरवरचा पीडीएफ उघडणारा प्रोग्राम जुनापुराणा. तो रोज म्हणायचा, अपडेट करा. मी चार वर्षं रोज 'नंतर आठवण करा' दाबत होतो. तोंडावर नाही म्हणणं मला जमत नाही. त्या दिवशी त्याने आणखी एक विचारलं, 'या फाइलला एक प्रोग्राम चालवायचा आहे. परवानगी द्यायची का?' इतक्या अदबीने घरात मला कुणी विचारत नाही. मी दिली.

पडदा काळा झाला. मग एकेक करून सगळ्या फाइलींना कुलूप लागलं.

त्यात ताईचा प्रकल्प होता. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची निगा, बासष्ट पानं. पाच वाजेपर्यंत दिला नाही तर नर्सिंगच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. मला वाढवण्यासाठी तिने शिक्षण सोडलं होतं, ते आता चौतिसाव्या वर्षी पुन्हा धरलं होतं.

"काय केलंस?" ताईने विचारलं.

"काही नाही. उघडलं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांना कॉम्प्युटरमधलं कळतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जुन्या प्रोग्रामला भोकं असतात. फाइलीत लपून चोर त्यातून आत शिरतो. अपडेट म्हणजे ती भोकं बुजवणं. किती दिवस टाळलंस?"

"चार..."

"दिवस?"

"वर्षं."

"चोराला दार उघडून वर पाणी विचारलंस की रे!" काका म्हणाले. "हे कुलूप माझ्याने निघायचं नाही."

ताई स्टुलावर बसली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. मी उभाच राहिलो (बसायचा हक्क मला वाटेना).

"थांबा," काका म्हणाले. "सरांना तपासायला द्यायचा म्हणून परवा तुम्ही प्रकल्प छापायला आणला होता ना? मी गिऱ्हाइकांच्या फाइली कधी पुसत नाही. चुकीचंच आहे म्हणा, पण आळस."

प्रकल्प निघाला. अख्खी बासष्ट पानं. ताईने पदर डोळ्यांना लावला, आणि यंत्र सुरू झालं. मला आयुष्यात कुठल्याही आवाजाने इतकं बरं वाटलं नव्हतं.

"तुमच्या घरची आणखी एक फाइल आहे," काका पडद्यावर वाकून म्हणाले. "मार्चमधली. 'तुम्ही पानं जुळवता तेव्हा मी दाराबाहेरून...' हे कुणाचं?"

ते पत्र मी इथे बसून टाइप केलं होतं, आणि छापायचा धीर झाला नव्हता. मागच्या टेबलाशी बाइंडिंग करणारी मुलगी ताईच्याच प्रकल्पाची पानं जुळवत होती.

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी वाचलंय ते," मुलगी मान वर न करता म्हणाली. "तेव्हाच."

माझे कान तापले. विचारायचं धाडस अर्थात ताईनेच केलं. "मग?"

तिने पानांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला.

"दुसऱ्या पानावर झोप लागली."