बाशिंगाच्या बेगडीचा माईक

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात जागेश्वरने नागपूरहून एक माईक आणला. सिहोऱ्यात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि लग्नाकार्यात तो लाऊडस्पीकर लावत असे. पण हा माईक लग्नातला नव्हता. बंद पडलेल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओतला होता. गाणाऱ्याचा श्वाससुद्धा पकडतो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्यावर भजनी मंडळाची कॅसेट भरून द्यायचं जागेश्वरने मंडळाच्या सेवकराम बुवांना कबूल केलं होतं.

अडचण अशी, की या माईकला वेगळी वीज लागते आणि ती पुरवणारा डबा काही मिळाला नव्हता. जागेश्वरने नऊ-नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकमेकींना जोडल्या आणि तार माईकच्या पोटात नेली. माईक बोलू लागला, पण घरघरत होता. म्हणून त्याने माईकचं तोंड उघडलं. आत सोन्याचा मुलामा दिलेला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा होता. आवाज पकडतो तो हाच. जागेश्वर तो निरखत असताना त्याला शिंक आली आणि हातातला पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, पडद्यातून आरपार गेला.

दोन दिवस तो धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पेटीतून स्वतःच्या लग्नाचं बाशिंग काढलं, त्याची चकचकीत बेगड हलक्या हाताने सोलली आणि पडद्याच्या जागी ताणून बसवली. त्याच्या बायकोला, रुखमिणीला, हे आवडलं नाही.

"लगन झालं म्हणून बाशिंग फाडाचं काय?" एवढंच ती म्हणाली.

त्याने तिलाच आतल्या खोलीत माईकसमोर बसवलं आणि काहीतरी बोल म्हणाला. स्वयंपाक झालेला होता, तेव्हा ती म्हणाली, "जेवाले या जी. भात थंडा होऊन रायला."

ओसरीवरच्या स्पीकरमधून आवाज आला तो तिचा नव्हता. किनरा, नाकातला, शेवटाला जरा फाटणारा तो आवाज तिच्या सासूचा, मनकर्णाबाईचा होता. मनकर्णाबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

ओसरीवर जागेश्वरचे वडील मंगरू खाटेवर बसले होते. बायको गेल्यापासून त्यांना जेवायला चारदा बोलवावं लागे, आणि चार घास खाऊन ते उठत. त्या दिवशी ते पहिल्या हाकेला उठले, धोतर नीट केलं, भिंत चाचपत आत आले आणि पाटावर बसले. दोनदा भात मागून घेतला.

जागेश्वरला फार अपराधी वाटलं. आत्ताच्या आत्ता बेगड काढून टाकतो म्हणाला. रुखमिणीने सासऱ्यांकडे पाहत त्याचा हात धरला.

"राहू द्या. मामाजी जेवून रायले."

तेव्हापासून ती दोन्ही वेळा माईकवरूनच हाक मारू लागली. पुढे आंघोळीलाही, औषधालाही.

रविवारी भजनी मंडळ आलं. जागेश्वरला काही सबब सुचली नाही. अकरा जणांनी तास-दीड तास जीव ओतून म्हटलं, आणि कॅसेट लावली तेव्हा अकरा मनकर्णाबाई एका सुरात भजन गात होत्या. सेवकराम बुवांच्या भारदस्त आवाजाचं गावात नाव होतं. त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं, टोपी घातली, आणि बाईला देवाची इतकी ओढ होती हे जिवंतपणी कळलं नाही, असं म्हणून ते निघून गेले. मंगरूंनीही ओसरीवरून सगळं ऐकलं.

मंगरूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तुमसरला डोळ्यांचं शिबिर होतं, पण ते जायला तयार नव्हते. जागेश्वरने समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं. देवाने दाखवलं तेवढं पाहून झालं, असं त्यांचं उत्तर. जेवणाची हाक वेगळी आणि आईच्या आवाजात ऑपरेशनसाठी गळ घालणं वेगळं, असं जागेश्वर बायकोला बजावत राहिला. पण शिबिराला एकच दिवस उरला तेव्हा त्याने स्वतःच बटण दाबलं.

"डोळे करून घ्या जी," रुखमिणी माईकवर म्हणाली. "मी तं काई दिसणार नाही. पण पोरं, सून दिसतीन."

मंगरूंनी तोंड स्पीकरकडे वळवलं. मग मुलाला नाही, स्पीकरलाच त्यांनी विचारलं, "कधी जाचं हाय?"

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभराने जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून मंगरूंनी सुनेचं तोंड पाहिलं, ओसरी पाहिली, स्पीकर पाहिला. स्पीकरमागून निघालेली तार त्यांना दिसली. तिच्यावर नजर ठेवून ते उंबरा ओलांडून आतल्या खोलीत गेले आणि माईकपुढे थांबले. जागेश्वर आणि रुखमिणी दाराशी उभे होते. दोघांना जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

"चालू कर," मंगरू म्हणाले.

जागेश्वरने बटण दाबलं. मंगरू खाली बसले, घसा साफ केला आणि माईकच्या अगदी जवळ तोंड नेलं. ओसरीवरून मनकर्णाबाईचा आवाज आला,

"दार पूर्वेलेच पाहिजे होतं. तुमी सांगून रायले होते, मी आयकलं नाही. माह्यंच चुकलं."

घर बांधलं तेव्हा मनकर्णाबाईने हट्टाने दार पश्चिमेला ठेवायला लावलं होतं. दुपारचं ऊन थेट खाटेवर येई आणि तीस उन्हाळे नवरा-बायकोचा यावरून वाद चाले. त्यात मंगरू एकदाही जिंकले नव्हते.

ओसरीवरचे ते शब्द त्यांनी कान देऊन ऐकले. मग माईकपासून तोंड बाजूला केलं आणि आपल्या आवाजात, समजुतीने म्हणाले,

"जाऊ दे. झालं ते झालं."