धोंड्याच्या महिन्यातली शर्यत

कोल्हापुरात माझ्याइतका शिस्तीचा पळणारा शोधून सापडणार नाही, असं दोन हजार एक साली मी दिसेल त्याला सांगत होतो. कुणी विचारत नव्हतं, तरीही! रोज पहाटे रंकाळ्याला फेऱ्या, रविवारी कात्यायनीच्या बाजूला लांबवर दौड, आणि जेवणात तूप बंद, गोड बंद, तांबडा रस्सासुद्धा बंद. गल्लीतल्या बायका माझ्या बायकोला, क्रांतीला, हळूच गाठून विचारायच्या की भावजींना काही दुखणं निघालंय का.

हे सगळं डिसेंबरातल्या पुण्याच्या मॅरेथॉनसाठी चाललं होतं. आमच्या पतसंस्थेचे चेअरमन एका कर्मचाऱ्याला संस्थेतर्फे तिथे पाठवणार होते. त्याआधी कागलच्या एका मंडळाने कोल्हापूर ते कागल अशी आतल्या रस्त्याने शर्यत ठेवली होती. तिच्यात आमच्यापैकी जो पुढे येईल, तो पुण्याला जाणार. मोठ्या शर्यतीआधी अशी एखादी लहान शर्यत जीव खाऊन पळावी लागते, म्हणजे आपण किती पाण्यात आहोत ते कळतं. मला पुण्याला जायचंच होतं. झोपेतसुद्धा माझे पाय चालायचे आणि क्रांती लाथा खायची.

अडचण एवढीच की तो अधिक महिना होता. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो, आणि त्यात जावयाला बोलावून, ओवाळून, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खायला घातल्याशिवाय सासूला चैन पडत नाही. माझ्या सासूबाईंचे, म्हणजे शालूबाईंचे, निरोपावर निरोप येत होते. मी तुपाच्या भीतीने नाही म्हणत होतो. शेवटी क्रांती रुसली. तेव्हा मी ऐटीत सांगितलं की शर्यत तुझ्या माहेरच्या दारावरूनच जाते, आईला म्हणावं रस्त्यावर येऊन उभी राहा, मागे रांगेने माणसं आणि सगळ्यांच्या पुढे तुझा जावई दिसेल.

क्रांतीने निरोप शब्दशः पोचवला. सासूबाईंनी त्यातून एवढाच अर्थ घेतला की जावई येणार आहे आणि बरोबर बरीच माणसं आणणार आहे.

रविवारी आम्ही पंधरा-वीस जण सुटलो. पतसंस्थेतले दोघंच, मी आणि कॅशियर बाळासो. बाळासो डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून आलेले. पँटच्या पट्ट्यावरून पोट बाहेर डोकावत होतं. पहिल्याच चढाला ते मागे दिसेनासे झाले आणि मी मनातल्या मनात पुण्याच्या एसटीत खिडकीची जागा धरली.

सासरवाडीच्या वेशीत मी सगळ्यांच्या पुढे होतो. हलगी वाजत होती. माझंच कौतुक चाललंय असं समजून मी हात हलवला, तर समोर रस्त्यात बैलगाडी आडवी लावून माझा मेहुणा गुंडू उभा.

"पावणं, पाट मांडलाय. बसा."

मी जागच्या जागी पळत त्याला शर्यत म्हणजे काय, नंबर म्हणजे काय, पुणे म्हणजे काय, सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय की. मग खाऊन पळा."

सासूबाई ताट घेऊन ओवाळायला आल्या. मी अजून पळतच होतो, त्यामुळे निरांजन माझ्याबरोबर वर-खाली व्हायला लागलं आणि कपाळाचं कुंकू नाकावर लागलं. मग त्यांनी ताट खाली घेतलं.

"तीन वर्सांनी येतोय ह्यो म्हैना," त्या म्हणाल्या. "फुडच्या धोंड्याला मी आसंन, नसंन."

यावर कुठला माणूस पळेल सांगा! माझे पाय आपोआप थांबले. मी पाटावर बसलो. गुंडूने फेटा बांधला. एक धोंडा पटकन गिळायचा आणि सुटायचं, असा माझा हिशेब होता.

तेवढ्यात मागचे पळणारे आले. जावयाबरोबरची माणसं उपाशी सोडायची पद्धत त्या गावात नाही. गुंडूने एकेकाला हातपाय धुवायला पाणी दिलं आणि पंगतीत बसवलं. पहिल्या नंबरचा माणूस फेटा बांधून जेवतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं, ही मंडळानेच केलेली सोय. मग घाई कसली? तरी सगळ्यांचं एकमेकांवर लक्ष होतं. मी जरा टाच उचलली की सगळी पंगत टाच उचलायची. मग सासूबाई तुपाची धार धरत यायच्या आणि सगळी पंगत पुन्हा खाली बसायची. इचलकरंजीचा एक गडी तर कटाची आमटी वाटीवर वाटी मागून पीत होता. जेवण उरकलं तेव्हा बुटाच्या नाड्या बांधायला वाकण्याच्या स्थितीत कुणीच नव्हतं. दोघं-तिघं चिंचेखाली आडवे झाले.

आणि मग बाळासो आले. घामाने भिजलेले, तोंडाने श्वास घेत. पंगत दिसताच त्यांचा चेहरा उजळला. पण पातेली पार निपटली होती. सासूबाई शरमिंद्या झाल्या.

"आता कायबी शिल्लक न्हाय वो पावणं. तुमी आपलं फुडं व्हा."

गुंडूने गाडी बाजूला घेतली. बाळासोंनी रिकाम्या पातेल्यांकडे एकदा पाहिलं आणि ते निघाले.

मी धडपडत उठलो आणि त्यांच्या मागे लागलो. पण दर पावलाला पुरण गळ्याशी येत होतं. बाळासोंची पाठ पुढे दिसत होती आणि ती जवळ येत नव्हती. कागलात पोचलो तेव्हा त्यांच्या गळ्यात हार पडलेला होता. डिसेंबरात चेअरमननी त्यांना पुण्याला पाठवलं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो.

खरं तर रुसायचं मी. पण बाळासोच अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पहिल्या नंबरचा विषय निघाला की सगळ्या ऑफिसदेखत म्हणतात, "सगळ्यास्नी तूप-पुरण वाढलं ह्यांच्या सासूनं, आन मला एकट्यालाच उपाशी पळवलं."